मगनवाडी : दरसाल उगवणाऱ्या इंधनाचा इतिहास

वर्ध्याच्या मगनवाडीत आज एका बाजूला मगन संग्रहालय आहे आणि दुसऱ्या बाजूला महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, जिला वर्धेकर सरळ ‘एमगिरी’ म्हणतात. या संस्थेआधी इथे जमनालाल बजाज केंद्रीय ग्रामोद्योग संशोधन संस्था होती आणि तिच्याही आधी अखिल भारत ग्रामोद्योग संघ. पाट्या बदलल्या, कारभाराच्या पद्धती बदलल्या, पैसा कुठून यायचा तेही बदलले. खादी, हातकागद, मधमाशीपालन या इथल्या शाखांचा इतिहास प्रत्येकी वेगळा लिहावा एवढा मोठा आहे. या लेखात मात्र एकच धागा धरला आहे : शेतात आणि रानात दरसाल उगवणाऱ्या वनस्पतींतून गावाला लागणारा उजेड, आच, तेल, साबण आणि कागद कसा काढता येईल, याचा इथे झालेला विचार आणि इथे झालेले काम. केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जेसाठी वेगळा विभाग काढला तो १९८२ मध्ये. मगनवाडीत हा प्रश्न त्याच्या चाळीस वर्षांहून अधिक आधी मांडला गेला होता, तोही केवळ भाषणांत नव्हे तर चुलीवर आणि दिव्यात.

सुरुवात १९३४ ची. ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ग्रामोद्योगांसाठी स्वतंत्र संघ काढण्याचा ठराव झाला आणि संघटना उभी करण्याचे काम जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे आले. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अध्यक्ष श्रीकृष्णदास जाजू, मंत्री कुमारप्पा. सल्लागारांच्या यादीत रवींद्रनाथ ठाकूर होते, तसेच जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय आणि चंद्रशेखर व्यंकट रामन हेही होते. एक वनस्पतींच्या जीवनक्रियांचा अभ्यासक, एक रसायनशास्त्रज्ञ, एक भौतिकशास्त्रज्ञ. ग्रामोद्योग म्हणजे विज्ञानाला पाठ फिरवणे असा जो समज पुढे रूढ झाला, तो या यादीपुढे टिकत नाही. गावातल्या धंद्यांना प्रयोगशाळेची जोड हवी, हे संघाने पहिल्याच दिवशी ठरवले होते.

जमनालालजी बजाज यांनी आपली बाग आणि त्यातले घर संघाला दिले. साबरमती आश्रमाचे व्यवस्थापक आणि खादीच्या तंत्राचे खरे जाणकार मगनलाल गांधी १९२८ मध्ये पाटण्याला वारले होते. त्यांच्या नावाने या जागेला मगनवाडी म्हणू लागले. १९३५ च्या सुरुवातीपासून १९३६ च्या एप्रिलअखेरपर्यंत, म्हणजे शेगावला (पुढचे सेवाग्राम) जाईपर्यंत, गांधीजी इथेच राहिले. त्या काळात इथल्या स्वयंपाकघरात सोयाबीनचे प्रयोग चालले होते आणि त्यांची टिपणे ‘हरिजन’मध्ये येत होती. आज वर्धा जिल्ह्यात सोयाबीन हे मोठे पीक आहे आणि त्याच्या कुटाराचे करायचे काय, हा शेतकऱ्यापुढचा रोजचा प्रश्न आहे. त्या वेळी हे पीक इथल्या बहुतेकांनी पाहिलेलेही नव्हते.

शेजारच्या सिंदी गावात सकाळी जाऊन रस्त्यावरचा मैला उचलायचा आणि मातीआड करून त्याचे सोनखत करायचे, हा मगनवाडीच्या कार्यकर्त्यांचा नेम होता. सफाईच्या चळवळीत त्याची नोंद होते, पण इंधनाच्या इतिहासातही त्याला जागा द्यायला हवी. मातीतून आलेले मातीत परत गेले पाहिजे, हा विचार मगनवाडीच्या पुढच्या प्रत्येक प्रयोगाच्या मुळाशी आहे.

कुमारप्पा तंजावरचे. मुंबईत हिशेबतपासनीस म्हणून नावारूपाला आलेले, पुढे अमेरिकेत सिरॅक्यूज आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकलेले. गुजरातेतल्या मातर तालुक्याची पाहणी त्यांनी केली होती आणि १९३८-३९ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारसाठी औद्योगिक पाहणी समितीचे अध्यक्षपदही सांभाळले. हिशेबतपासनिसाची नजर त्यांनी निसर्गाकडे वळवली, हे त्यांचे मोठेपण. कोळसा, खनिज तेल, धातू हे पृथ्वीच्या पोटातले साठे. ते काढले की संपतात आणि त्यांच्यासाठी राष्ट्रे लढतात. लाकूड, तेलबिया, धागा, गवत, जनावरांची शक्ती हा वाहता ओघ. तो दरवर्षी पाऊस-उन्हाबरोबर येतो आणि त्यातले आपल्या वाट्याचे घेतले तर आटत नाही. एक मुद्दल, दुसरे व्याज. गावाने शक्य तेवढे व्याजावर जगावे, मुद्दलाला हात लावू नये, हे त्यांच्या साऱ्या अर्थशास्त्राचे सार. १९४२ च्या आंदोलनानंतर जबलपूरच्या तुरुंगात असताना त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हे पुस्तक लिहिले आणि १९४५ मध्ये गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली. ऊर्जेच्या प्रश्नावर जगभर आज जे बोलले जाते त्याचा मोठा भाग या पुस्तकात आहे, आणि त्यामागचा अनुभव वर्ध्याचा आहे.

हा विचार मगनवाडीत पहिल्यांदा ज्या वस्तूत उतरला ती म्हणजे मगनदीप. गावागावांत तेव्हा रॉकेलचा कंदील पोहोचला होता. रॉकेल परदेशी कंपन्यांचे, भाव त्यांच्या हातात, आणि घरातल्या घाणीच्या तेलावर जळणारा जुना दिवा मंद व काजळी धरणारा. वनस्पती तेलावर चांगला उजेड देणारा कंदील करणे वाटते तेवढे सोपे नाही. करडई, करंज, कडुनिंब यांचे तेल रॉकेलपेक्षा कितीतरी दाट असते. ते वातीतून हळू चढते, सहज वाफ होत नाही, आणि ज्योतीला हवा कमी पडली की धूर धरते. म्हणून तेलाची पातळी ज्योतीपासून फार खाली जाऊ द्यायची नाही, वात आणि हवेचा मार्ग नीट जुळवायचा, काच बसवायची, असे सगळे सांभाळावे लागते. मगनदीप हा या अडचणींतून काढलेला दिवा होता. दुसऱ्या महायुद्धात रॉकेल मिळेनासे झाले तेव्हा त्याचे मोल लोकांना कळले. वीज आल्यावर तो मागे पडला, यात गैर काही नाही. पण करंजाच्या तेलावर मिथेनॉल आणि अल्कलीची प्रक्रिया करून त्याला पातळ करायचे आणि डिझेलच्या इंजिनात घालायचे, हे आजचे बायोडिझेल नेमकी तीच दाटपणाची अडचण वेगळ्या रीतीने सोडवते, हे मगनदीप पाहताना लक्षात यावे. तेल पातळ करताना खाली ग्लिसरीन सुटते. कडुनिंब, करंज, मोह यांच्या अखाद्य तेलापासून कॉस्टिक घालून धुण्याचा साबण करतानाही तेच ग्लिसरीन निघते. अखाद्य तेल आणि साबण हा उद्योग ग्रामोद्योगांच्या यादीत पुढे कायमचा राहिला.

तेलाचा विषय निघाला की मगनवाडीच्या घाणीबद्दल सांगावेच लागते. झवेरभाई पटेल यांनी जुन्या लाकडी घाणीचा बारकाईने अभ्यास करून तिची सुधारित जात तयार केली. बैल तेच, लाकूड तेच, पण तेल अधिक निघे आणि बैलाला ओझे कमी पडे. या सुधारणेचा अर्थ केवळ तेलाच्या शेरांत मोजता येत नाही. गिरणीत बी गेले की तेल शहरात राहते आणि ढेप विकत आणावी लागते. घाणीत तेल गावाच्या स्वयंपाकात आणि ढेप गावाच्या गोठ्यात जाते, गोठ्यातले शेण पुन्हा वावरात जाते. एका बियाण्याचे सगळे अंश गावातच फिरत राहतात. वनस्पतीपासून ऊर्जा काढणाऱ्या आजच्या प्रत्येक प्रकल्पाला हा प्रश्न विचारावा असे मला वाटते : माल गावातून गेल्यावर गावात काय उरते?

ताडगुळाचे कामही याच विचारातले. वर्ध्याच्या आसपास नाल्यांच्या काठाला आणि पडीक रानात शिंदीची झाडे पुष्कळ. त्यांच्या रसाची ताडी होत असे. तोच रस पहाटे गोडा उतरवला की नीरा, आणि कढवला की गूळ. गजानन नाईक यांनी हे तंत्र बसवले आणि पुढे देशभर नेले. कुमारप्पांना यात जमिनीचे गणित दिसत होते. उसासाठी चांगली, पाण्याखालची जमीन लागते, शिंदीला पडीक चालते. साखर पडीक जमिनीतून आली तर चांगली जमीन ज्वारी-गव्हाला मोकळी होते. आज उसाच्या रसापासून इथेनॉल काढून पेट्रोलमध्ये मिसळायचे की नाही, कोणत्या वर्षी किती, यावर सरकारला निर्बंध घालावे लागतात आणि उठवावे लागतात. २०२३ च्या डिसेंबरात असेच झाले. अन्न आधी की इंधन आधी, हा पेच कुमारप्पांनी साखरेपुरता सोडवून दाखवला होता : मोटारीसाठी किंवा गिरणीसाठी लागणारे पीक धान्याच्या जमिनीवर घेऊ नये.

कागदाच्या कामात तर मगनवाडी रसायनशास्त्राच्या अगदी जवळ गेली. चिंध्या, रद्दी, गवत, पेंढा यांपासून हातकागद होत असे. पेंढ्यापासून कागद करायचा म्हणजे काय? वनस्पतीच्या देहात तीन मुख्य द्रव्ये असतात. सेल्युलोजचे लांब धागे, त्यांना वेढणारे हेमिसेल्युलोज, आणि सगळ्याला घट्ट धरणारे लिग्निन. चुना किंवा सोडा घालून उकळले की लिग्निन सैल होऊन विरघळते आणि धागा मोकळा होतो. आज पेंढ्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यातही पहिली पायरी ही घट्ट बांधणी सैल करण्याचीच असते. फरक एवढाच की तिथे मोकळ्या झालेल्या सेल्युलोजचा कागद करण्याऐवजी विकरांनी साखर करतात आणि ती आंबवतात. हरियाणात पानिपतला २०२२ च्या ऑगस्टमध्ये असा मोठा कारखाना सुरू झाला, वर्षाला सुमारे २ लाख टन पराळी आणि त्यातून सुमारे ३ कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आवाका. वर्ध्याची कागदाची भट्टी त्याच्यापुढे लहान होती, परंतु वनस्पतीचा देह रासायनिक पद्धतीने उलगडून त्याचे उपयोगी घटक वेगळे काढण्याचे शिक्षण खेड्यातल्या माणसाला तिने दिले.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. इथे जुन्या अवजारांशेजारी सुधारलेली अवजारे मांडलेली असत, म्हणजे येणाऱ्याने पाहावे, हात लावावा आणि गावी जाऊन करून घ्यावे.

स्वातंत्र्याच्या सुमारास मगन चुलीचा प्रसार सुरू झाला. वर्धा जिल्ह्यातल्या घराघरांत स्वयंपाकाला पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे), तुराट्या (तुरीच्या काड्या) आणि गोवऱ्या. पऱ्हाटी भरभर जळते, तुराट्या त्याहून भरभर. तीन दगडांच्या चुलीत त्यांची बहुतेक आच भांड्याच्या बाजूने निघून जाते आणि धूर बाईच्या डोळ्यांत व छातीत जातो. मगन चूल मातीचीच, पण बंद अंगाची. एका तोंडातून जळण घालायचे, आच एका भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जायची आणि शेवटी धुराड्यातून धूर घराबाहेर. एका जळणावर भाजी, वरण आणि पाणी. हैदराबादला एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेली धूरविरहित चूल आणि १९८० च्या दशकातला केंद्र सरकारचा सुधारित चूल कार्यक्रम हे याच वाटेवरचे पुढचे टप्पे. या चुलींना अपयशही आले. धुराडे काजळीने बुजते, भांडी वेगवेगळ्या मापांची असतात, माती तडकते. जिथे गावातल्याच बाईला चूल घालायला आणि दुरुस्त करायला शिकवले तिथे त्या टिकल्या, जिथे ठेकेदाराने आकडा पुरा करायला घातल्या तिथे वर्षाच्या आत मोडल्या. ऊर्जेच्या कार्यक्रमांचा हिशेब किती बसवल्या यावर न करता किती पेटतात यावर करावा, हा त्यातून घ्यायचा धडा फार थोड्या योजनांनी घेतला.

स्वातंत्र्यानंतर ग्रामोद्योग संघ सर्व सेवा संघात विलीन झाला. कुमारप्पा मगनवाडीतून बाहेर पडून याच जिल्ह्यातल्या सेलडोहला पन्नई आश्रमात शेतीचे प्रयोग करू लागले आणि पुढे तामिळनाडूत कल्लुपट्टीला गेले. ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, ते गेले. मोठ्या धरणांचा आणि पोलाद कारखान्यांचा तो काळ. मगनवाडीचे बोल दिल्लीत कुणाला ऐकू जाण्याचे ते दिवस नव्हते, तरीही संशोधनाची ज्योत विझली नाही.

१९५५ मध्ये मगनवाडीत जमनालाल बजाज केंद्रीय ग्रामोद्योग संशोधन संस्था सुरू झाली आणि १९५७ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोग स्थापन झाल्यावर ती आयोगाच्या छत्राखाली आली. गोबरगॅसचा प्रसार हे आयोगाचे या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम. जशभाई पटेल यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेला, वर तरंगती टाकी असलेला संच आयोगाने १९६० च्या दशकात उचलला आणि तो महाराष्ट्रातल्या खेड्यांत पोहोचला. मैल्यापासून वायू काढून दिवे लावण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठधामात झालेला होता, आणि कोकणात कणकवलीजवळ गोपुरीला अप्पासाहेब पटवर्धन संडास, खत आणि गॅस यांची सांगड घालत होते. त्यामुळे महाराष्ट्राला ही कल्पना नवी नव्हती.

शेणाचा गॅस झाला तरी तो मुळात वनस्पतीचाच. जनावर कडबा-कुटार खाते, त्यातले जे पचत नाही ते शेणात येते, आणि हवा न लागता सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन करतात. सुमारे २५ किलो ताज्या शेणापासून एक घनमीटर गॅस निघतो आणि त्यात ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. दोन घनमीटरच्या घरगुती संचाला रोज अंदाजे ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरे लागतात. गोवरी जाळली तर आचेचा अगदी थोडा भाग भांड्याला लागतो आणि शेणातला नत्र धुराबरोबर उडून जातो. गॅस काढला तर आच जास्त मिळते आणि नत्र, स्फुरद, पालाश स्लरीत शिल्लक राहून वावराला जातात. कुमारप्पांच्या हिशेबात याहून चोख नोंद सापडणार नाही. अडचण एवढीच की चार जनावरे नसलेल्या घराला हा संच परवडत नाही, आणि ट्रॅक्टर आल्यावर गोठ्यातली जनावरे कमी होत गेली. गोबरगॅसची प्रगती याच ठिकाणी अडली आणि आजही अडते.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. तीनच वर्षांनी, १९७६ मध्ये, देवेंद्रकुमार यांनी वर्ध्यात ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. राष्ट्रीय प्रयोगशाळांतले शोध गावात आणायचे आणि गावाच्या अडचणी प्रयोगशाळेपुढे ठेवायच्या, असे दुहेरी काम त्यांनी ठरवले. दत्तपूरच्या या केंद्राच्या परिसराचे नाव कुमारप्पापुरम्. ज्या दत्तपुरात १९३६ पासून मनोहर दिवाण यांनी कुष्ठसेवा उभी केली त्याच भूमीत हे केंद्र रुजावे, याला अर्थ आहे. स्थानिक मातीच्या नळकांड्यांपासून छत, संडासाला जोडलेला गॅससंच, सुधारित चूल अशी कामे केंद्राने हाती घेतली. मगनवाडीतल्या सरकारी संस्थेत त्या काळात कामाला जी शिथिलता आली होती ती पाहता, हे केंद्र झाले नसते तर वर्ध्याचा हा धागा तुटलाच असता, असे माझे मत आहे.

पुढे दिल्लीच्या आयआयटीच्या मदतीने जुन्या संशोधन संस्थेची फेरउभारणी झाली आणि २००८ मध्ये ती महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था म्हणून केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाखाली स्वायत्तपणे काम करू लागली. खादी व वस्त्र, जैवप्रक्रिया व वनौषधी, रासायनिक उद्योग, ग्रामीण हस्तकला व अभियांत्रिकी, ग्रामीण ऊर्जा व पायाभूत सोयी, व्यवस्थापन असे तिचे विभाग. ऊर्जा, जैवप्रक्रिया आणि रसायन हे तीन विभाग एकाच आवारात असणे ही वर्ध्याची जमेची बाजू. वनस्पतीचा कोणता अंश जाळायचा, कोणता आंबवायचा, कोणत्यातून रंग किंवा तेल काढायचे, हे तिघांनी एकत्र बसूनच ठरवता येते.

आता प्रश्न पऱ्हाटीचा. कापूस वेचून झाला की हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी वावरात उभी राहते. पूर्वी ती घरच्या चुलीला जाई. गॅसचे सिलिंडर आल्यापासून तिचे ढीग धुऱ्यावर लागतात आणि उन्हाळ्यात पेटवले जातात. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाची नासाडी केली तेव्हापासून फरदड (तेच झाड राखून घेतलेला पुढचा कापूस) घेऊ नका, पऱ्हाटी वावरात ठेवू नका, हे कृषी खाते दरवर्षी बजावते, कारण अळी तिच्यातच पुढच्या हंगामापर्यंत टिकते. म्हणजे पऱ्हाटी काढावीच लागते, आणि ती काढायला मजुरी लागते. तिचा उपयोग लाकडासारखाच आहे. तिच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग सेल्युलोज व हेमिसेल्युलोज असतो आणि पाव भाग लिग्निन. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने नागपूरच्या आपल्या केंद्रात पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, विटा आणि पेलेट तयार करण्याची तंत्रे बसवली आहेत. भुशाच्या विटांना बाष्पकात मागणी आहे, आणि २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांना कोळशात पाच टक्के वनस्पतीजन्य इंधन मिसळण्याचे बंधन घातल्यापासून पेलेटचा बाजार वाढला आहे.

या बाजाराचे स्वागत करताना मगनवाडीच्या अनुभवाने काही गोष्टी आग्रहाने मांडायला हव्यात. पऱ्हाटी गावातून ट्रकने कारखान्यात गेली आणि शेतकऱ्याला फक्त काढणीची मजुरी वाचल्याचे समाधान मिळाले, तर घाणी मोडून गिरणी आली तेव्हा झाले तेच पुन्हा होईल. वजनाला हलकी आणि जागेला भारी अशी ही वस्तू दूर नेणे मुळातच महागडे. तिचे छाटणी-तुकडे आणि पेलेट पाच-दहा गावांच्या आत, बचत गटांच्या किंवा शेतकरी कंपन्यांच्या मालकीच्या लहान यंत्रांवर झाले तर वाहतूक वाचते आणि नफा गावात राहतो. दुसरे असे की वर्ध्याच्या काळ्या मातीला सेंद्रिय कर्बाची उणीव आहे. सगळेच कुटार, सगळीच धसकटे उचलून भट्टीत घातली तर आपण व्याजाच्या नावाखाली मुद्दल खाऊ. पऱ्हाटी जाड आणि कीडग्रस्त, ती इंधनाला द्यावी. सोयाबीनचे कुटार जनावरांना आणि कंपोस्टला, तुराट्या अजूनही घराच्या कुडाला आणि चुलीला. कुठल्या पिकाचा कोणता भाग मातीत परत गेलाच पाहिजे याचे पिकागणिक, जमिनीगणिक मोजमाप तालुक्यातल्या शेतांवर होणे हे एमगिरीच्या ऊर्जा आणि जैवप्रक्रिया विभागांपुढचे मोठे काम आहे. ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राची गावांतली ओळख, नागपूरच्या कापूस तंत्रज्ञांचे ज्ञान आणि मगनवाडीतल्या प्रयोगशाळा एवढे सगळे ऐंशी किलोमीटरच्या आत उपलब्ध असलेला दुसरा जिल्हा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. हिंगणघाट, देवळी, आर्वीच्या वावरांत फेब्रुवारीत पऱ्हाटी उपटली जाते, आणि ही मोजणी सुरू करायची तर तीच वेळ धरायला हवी.